बाटली वरून ओतू नका: मानेतलं हाड वाढल्यावर जेवावं कसं

गोळी जिभेवर टाकायची, मान मागं टाकायची, बाटली वीतभर वर धरून पाण्याची धार सोडायची आणि गटकन गिळायचं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीसेक वर्षं मी असंच पाणी प्यालो. एक बाटली दहाजणांत फिरायची, तोंड लावलं तर शिव्या बसायच्या. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. दोन वर्षांपूर्वी मधुमेहाची गोळी अशीच घेतली आणि ती खाली जाईना. श्वास कोंडला नव्हता, बोलता येत होतं, पण कंठमण्याच्या मागं कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं वाटत होतं. वरून आणखी पाणी ओतलं, तर ते नाकातून आलं.

त्या दिवसापासून आजपर्यंत जे शिकलो ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, सांगलीचा एक रिटायर मेकॅनिक आहे. आपल्याला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना घास अडकायचा त्रास असेल आणि एक्स-रेत "मानेचं हाड वाढलंय" असं निघालं असेल, तर पुढचं वाचा. नुसता घास अडकतोय आणि तपासणी काहीच झालेली नसेल, तर आधी तपासणी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते सोडून थेट खाण्याच्या भागावर उडी मारू नका.

पाइप चोंदलाय की चेपलाय

इंजिनापर्यंत डिझेल पोचत नसेल तर एक तर पाइपात कचरा असतो, नाहीतर पाइप बाहेरून कुठल्यातरी क्लॅम्पखाली चेपलेला असतो. माझ्या घशात दुसरा प्रकार निघाला.

मानेत सात मणके. त्यांच्या पुढं घसा आणि अन्ननलिका, त्याच्याही पुढं स्वरयंत्र आणि श्वासनलिका. म्हणजे अन्नाची ही मऊ नळी मागचे मणके आणि पुढची श्वासनलिका यांच्या मधोमध, मणक्यांना अगदी खेटून उतरते. मणक्यांच्या पुढच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक चिवट पट्टा असतो. काही लोकांत या पट्ट्याचंच हळूहळू हाड व्हायला लागतं. एक्स-रेत ते मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसं दिसतं. पुढं आलेलं हाड मागून नळी दाबतं.

या आजाराचं पूर्ण नाव डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरऑस्टोसिस. आद्याक्षरं जुळवली की होतं डिश. ज्यात जेवण जात नाही त्या आजाराला डिश म्हणायचं, हा विनोद मी डॉक्टरांना ऐकवला, ते हसले नाहीत. 1950 साली फॉरेस्टिए आणि रोतेस-केरोल या दोघांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला फॉरेस्टिएचा आजारही म्हणतात. 1976 मध्ये रेझ्निक आणि निवायामा यांनी ओळखायच्या खुणा ठरवून दिल्या. लागोपाठच्या निदान चार मणक्यांवरून सलग वाहत गेलेलं हाड आणि मधल्या गाद्यांची उंची बऱ्यापैकी शाबूत, या त्यातल्या मुख्य. गादी झिजून मणक्याच्या कडेला काटे फुटतात तो स्पॉन्डिलोसिस वेगळा, पण काटा पुरेसा मोठा असेल तर तोही असाच घसा दाबतो. डिश हा पन्नाशी उलटलेल्यांत, बायकांपेक्षा पुरुषांत आणि मधुमेह किंवा वजन जास्त असणाऱ्यांत अधिक सापडतो. या चारही रकान्यांत माझ्यापुढं टिकमार्क आहे.

हाड कुठं वाढलंय त्यावर त्रास कसा होणार ते ठरतं. तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी असेल तर गिळताना श्वासनलिकेवर पडणारं झाकण नीट पडत नाही आणि ठसका लागतो. सहाव्या मणक्याच्या आसपास, जिथं अन्ननलिका सुरू होते, तिथं असेल तर घन घास थांबतो. तिथं पुढच्या बाजूला स्वरयंत्राची कूर्चेची कडी असते, त्यामुळं नळीला सरकायला जागाच नसते. माझं हाड चौथ्या मणक्यापासून सहाव्यापर्यंत, सगळ्यात जाड ठिकाणी 12 मिलिमीटर. म्हणून मला दोन्ही मजा मिळाल्या.

हाडावर आळ घेण्याआधी

माझी चूक सांगतो. पहिले पाच महिने मी पित्ताच्या गोळ्या खात काढले. ज्यांना दाखवलं त्यांनी घशाकडं पाहिलं, "ॲसिडिटी आहे काका" म्हणाले आणि पट्टी लिहून दिली. मीही दुसरीकडं गेलो नाही, कारण ॲसिडिटी हे ऐकायला सोपं वाटतं. तेवढ्यात माझं वजन 74 चं 68 झालं. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, पट्ट्याला पाडलेलं नवीन भोक दाखवलं तेव्हा डोळे उघडले.

आणि उलटी चूकही तितकीच वाईट. साठी उलटलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत मानेचं हाड वाढलेलं दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांना गिळायला काहीही त्रास नसतो. त्यामुळं हाड दिसलं म्हणजे चोर सापडला असं नाही. आपल्याकडं तंबाखू, मिश्री, गुटखा यांचं प्रमाण काय आहे ते सांगायला नको. घशाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर सुरुवातीला अगदी असाच वागतो. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेज. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की बाकी सगळं नाही असं सिद्ध झाल्यावरच हाडाचं नाव घ्यायचं.

वजन उतरतंय, त्रास आठवड्या-आठवड्याला वाढतोय, आवाज बसून तीन आठवडे झाले, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, एकाच कानात ठणका, सारखा ताप-खोकला, यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय बंद करून त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. गिळणं अचानक एका दिवसात बिघडलं आणि सोबत बोबडं बोलणं किंवा हात जड, तर तो पक्षाघात असू शकतो, तिथं एकेक तास मोलाचा, लगेच दवाखाना गाठा. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा. फार पुढं आलेलं हाड श्वासाची वाटही अडवू शकतं.

जाण्याआधी एक काम करा, त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. गाडीचं लॉगशीट भरतो तसं घशाचं भरा. नातवाची एक अर्धी वही घेतली आणि पंधरा दिवस लिहिलं: काय खाल्लं, अडकलं की ठसका लागला, कुठं अडकलं, किती घोटांनी सुटलं, त्यावेळी मान कशी होती. शेवटचा रकाना मी उगाच टाकला होता. पण पानं चाळताना दिसलं की गोळ्या सकाळी अडकत होत्या, चहा कधीच नाही. चहा मी बशीत ओतून खाली वाकून पितो. गोळ्या मान वर करून. दवाखान्यात डॉक्टरांनी वही वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, पाणी वरून पिता का?"

तपासण्या, थोडक्यात

मानेचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे हाड दाखवतो. स्वस्त आहे आणि तो आधी काढलेला बरा, कारण पुढं दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना हाडाची कल्पना असावी लागते. नळी मागून दाबलेली असताना दुर्बीण जोरात पुढं ढकलली तर नळीला इजा होऊ शकते. एक्स-रेची फिल्म हातात धरूनच दुर्बिणीच्या खोलीत जा आणि "मानेचं हाड वाढलंय" हे स्वतःच्या तोंडानं सांगा. दुर्बिणीत आतल्या अस्तराला गाठ, जखम काही नाही हे बघतात. सीटी स्कॅन हाडाची नेमकी जाडी देतो.

माझ्या मते यातली राणी म्हणजे बेरियमची तपासणी, तीही चालत्या चित्राची. मिरजेला गेलो होतो. मशीनच्या फळीपुढं बाजूनं उभं केलं आणि स्टीलच्या वाटीत पांढरं, खडू कालवल्यासारखं बेरियम दिलं. आधी पातळ, मग दाट, मग त्यात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा. पडदा माझ्याकडं वळवला होता, म्हणून माझंच गिळणं मला दिसलं. पातळ घोट सुळकन गेला. बिस्किटाचा घास कंठापाशी आला, मागच्या टेंगळावर आपटला आणि वरच्या खळग्यात बसून राहिला. "मान वर करा." केली. टेंगूळ आणखी पुढं आलं, घास हलेना. "आता हनुवटी छातीकडं." मान थोडी खाली घेतली, पुन्हा गिळलं, आणि पडद्यावर काळा दिसणारा तो गोळा टेंगळावरून घसरून खाली गेला. पाच महिन्यांच्या पित्ताच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते दोन इंच मान खाली घातल्यानं झालं.

पण हे माझ्या हाडाचं झालं. हनुवटी खाली घेणं प्रत्येकाला मानवतं असं नाही, काहींना त्यानं उलट ठसका वाढतो. म्हणून गिळण्याच्या थेरपिस्टकडून तपासणीच्या वेळीच कुठली मान चालते ते बघून घ्या. आपल्याकडं हे काम स्पीच थेरपिस्ट करतात. "मला बोलायला कुठं अडचण आहे" म्हणून मी आधी जायलाच तयार नव्हतो. बेरियमनंतर भरपूर पाणी प्या, नाहीतर बद्धकोष्ठ होतं. एक-दोन दिवस शौचाला पांढरट होईल, घाबरू नका.

बसायचं कसं, घास केवढा

पाटावर मांडी घालून जेवणं मी सोडलं. मंडळी नाराज झाल्या, पण डिशमध्ये पाठीचा कणाही ताठ होतो. खाली ताटाकडं वाकायचं आणि समोरच्याशी बोलायला मान वर उचलायची, हे त्या ताठ मानेला झेपत नाही. आता टेबल-खुर्ची, पाय जमिनीवर टेकलेले, ताट छातीच्या जरा खाली. टीव्ही उंचावर लावलाय, तो जेवताना बंद. बातम्या बघत मान वर करून गिळलेल्या घासांचा हिशोब माझ्या वहीत आहे.

घास चहाच्या चमच्याएवढा. हातानं जेवणाऱ्याला हे जमायला महिना लागतो, कारण बोटं जुन्या मापानं घास उचलतात. मी सुरुवातीला चमच्यानंच जेवलो आणि माप बसल्यावर हातावर आलो. चावताना घाई नाही. कवळी सैल असेल तर आधी ती बसवून घ्या, न चावलेला घास हा निम्मा आजार आहे. मग हनुवटी खाली, गिळा, आणि तोंड रिकामं वाटलं तरी पुन्हा एकदा गिळा. एका घासाला दोन गिळणी. दोन-तीन घासांनंतर एक लहान घोट पाणी, कपातून, ओठ लावून. कप पूर्ण भरलेला ठेवा. तळाशी गेलेलं पाणी प्यायला मान आपोआप मागं जाते. आमच्या थेरपिस्ट बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला आमच्या वर्कशॉपच्या फोरमनची आठवण झाली, इतकी साधी गोष्ट आणि कुणाच्याच लक्षात येत नाही.

घास अडकलाच तर वरून पाणी ओतायचं नाही. थांबा, हनुवटी खाली, दोनदा कोरडं गिळा, खाकरा, मग छोटा घोट. गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येत असेल तर काहीतरी वरच राहिलंय. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चूळ नीट भरायची. चुकून श्वासात काही गेलंच तर त्याच्याबरोबर तोंडातली घाण फुफ्फुसात जाऊ नये म्हणून रात्रीचे दात घासणं मी आता बुडवत नाही.

स्वयंपाकघर

इथं खरी हुशारी मंडळींची, मी फक्त नोंदी ठेवल्या.

मऊ म्हणजे सोपं असं नसतं. पाव मऊ असतो, पण लाळेत त्याचा लगदा होऊन हाडाच्या वर चिकटतो. तीच गत पेढ्याची, उकडलेल्या अंड्याच्या बलकाची आणि गार झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीची. याउलट तुपातला रव्याचा शिरा घसरत जातो, पण मधुमेहवाल्यानं तो सणालाच खायचा. घास एकजीव आहे का आणि ओलसर आहे का, हे बघायचं. पोहे घ्या. कांदेपोहे सुटे-सुटे असतात, एक पोहा इकडं तर शेंगदाणा तिकडं. तेच पोहे ताकात भिजवून, दाणे वगळून दडपले की बिनतक्रार जातात.

ज्वारीची भाकरी सोडायची माझी तयारी नव्हती. मंडळींनी वाट काढली. भाकरी तव्यावरून उतरल्यावर लगेच, गरम असतानाच, कडा काढून टाकून कुस्करायची, त्यावर मुगाच्या आमटीचं वरचं पातळ ओतायचं आणि पाच मिनिटं झाकण ठेवायचं. गार भाकरी कितीही भिजवली तरी तिचे खडे राहतात. वर चमचाभर तूप. हा काला दाबल्यावर चमच्याच्या पाठीनं पसरला पाहिजे. मधेच चिवट पापुद्रा लागला तर आणखी दोन मिनिटं. ताकातल्या कण्याही चांगल्या, पण भरड दळलेल्या कण्या नीट शिजवून, गुठळी न ठेवता. पिठलं पातळ, त्यात मिरचीचे तुकडे नकोत, फोडणी गाळून घालायची. मोहरी हा प्रकार किती त्रासदायक आहे हे घसा अरुंद झाल्याशिवाय कळत नाही.

पातळ आणि सुकं एकत्र असलेलं सगळ्यात वाईट. मिसळीत रस्सा आधी पळतो, फरसाण मागं राहतं, गिळण्याला कळत नाही कुणासाठी थांबायचं. दुधातला चिवडा, चहातलं बिस्कीट अर्धवट भिजलेलं, संत्र्याची फोड, हे त्याच जातीचं. मटणाच्या दिवशी माझ्यासाठी खिमा रश्श्यातच शिजवतात आणि वरचा कट काढून टाकतात, कारण तिखट तेलानं ठसका लागला की पुढचं जेवण संपलं.

वजन भरून काढायला दिवसातून पाच वेळा थोडं-थोडं खायला लागलो. मुगाचं कढण, दही, मऊ भुर्जी, भिजवून वाटलेल्या बदामाचं दूध. दर महिन्याच्या एक तारखेला वजन. आज 71 आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. अन्न किती दाट हे मोजायची एक आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, शून्य ते सात पातळ्यांची, तिला इड्सी म्हणतात. शून्य म्हणजे पाणी, चार म्हणजे गुळगुळीत लगदा, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पातळ पदार्थ मोजायला 10 मिलीची सिरिंज लागते, सुई नको. तोंडावर बोट धरून 10 मिलीपर्यंत भरायची, बोट काढायचं, 10 सेकंदांनी पुन्हा धरायचं आणि किती उरलं ते बघायचं. 1 मिलीच्या आत उरलं तर पातळी शून्य, 1 ते 4 उरलं तर एक, 4 ते 8 तर दोन, 8 च्या वर तर तीन. अट एवढीच की सिरिंजवर शून्यापासून 10 पर्यंतच्या खुणांतलं अंतर 61.5 मिलिमीटर असावं, कारण सगळ्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात. मी जुना व्हर्नियर काढला आणि मेडिकलवाल्याच्या काउंटरवर मोजूनच घेतली. तो माझ्याकडं बघत राहिला. घरचं ताक शून्यात आलं, नाचणीची आंबील दोनमध्ये.

हे मोजायचं कशाला? कारण "गिळायला त्रास होतो तर सगळं दाट करा" असं कुणीतरी सांगतं. काहींना, विशेषतः पक्षाघातानंतर, त्याचा उपयोग होतो. माझ्या बाबतीत उलटं. दाटपणा वाढला की हाडाच्या वर साचायचं. मला पातळी दोनच्या वरची आंबील नको, हे थेरपिस्ट बाईंनी ठरवून दिलं आणि सूनबाई आता सिरिंज न वापरता चमच्याच्या धारेवरून सांगते. तुमचा आकडा वेगळा असेल.

गोळ्या

मान वर करून गोळी गिळू नका, हे आतापर्यंत कळलं असेल. मी गोळी चमचाभर दह्यात ठेवतो आणि हनुवटी खाली घेऊन दह्याबरोबर गिळतो, मग अर्धा कप पाणी. झोपायच्या तोंडावर गोळी घ्यायची नाही. हाडाच्या जागी अडकून विरघळली तर अस्तर भाजतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या अलेन्ड्रोनेटच्या आणि काही प्रतिजैविकांच्या गोळ्या यात बदनाम आहेत, त्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

आणि कुटून घ्यायचा मोह आवरा. माझ्या मेटफॉर्मिनच्या नावापुढं एसआर होतं. एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. मी दोन दिवस खलबत्त्यात कुटून घेतली होती. डॉक्टरांनी बदलून साधी, छोटी गोळी दिवसातून दोनदा करून दिली. सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का, हे विचारायला लाजू नका.

न्हावी, पायऱ्या आणि भूल

केस कापल्यावर न्हावी डोकं धरून कडकन मान मोडतो, ते कायमचं बंद. मालीशवाल्याकडूनही नको. हाडानं जोडले गेलेले मणके एकसंध दांड्यासारखे होतात. साधी मान लवते, दांडा मोडतो. डिशच्या माणसाचा मणका साध्या पडण्यानंही फ्रॅक्चर होऊ शकतो. पडल्यावर मान दुखायला लागली, हातापायाला मुंग्या आल्या, तर "लचकली असेल" म्हणून शेकत बसू नका. मी न्हाणीघरात रबरी चटई आणि जिन्याला कठडा करून घेतला.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटून मानेची फिल्म दाखवा. भूल देताना घशात नळी घालायला मान मागं न्यावी लागते आणि इथं ती जात नाही, शिवाय हाड वाटेत येतं. त्यांना आधी कळलं तर ते वेगळी तयारी करतात. माझ्या पाकिटात आधारकार्डाच्या मागं सूनबाईंनी लिहिलेली चिठ्ठी आहे: मानेच्या मणक्यांचं हाड वाढलेलं, मान मागं वळवू नये.

ऑपरेशन कधी

मी केलेलं नाही, म्हणून कमी लिहितो. मानेच्या पुढून छेद घेऊन, अन्ननलिका आणि श्वासनलिका एका बाजूला सारून, पुढं आलेलं हाड घासून काढतात. बऱ्याच जणांना त्यानं चांगला आराम पडतो. पण आवाजाची नस तिथूनच जाते, नळीला इजा होण्याचा धोका असतो, सुजेमुळं सुरुवातीचे दिवस गिळणं आणखी कठीण होऊ शकतं आणि काही वर्षांनी हाड पुन्हा वाढूही शकतं. माझ्या सर्जननी सांगितलं की पथ्यानं वजन टिकत नसेल, न्यूमोनिया होत राहिला किंवा श्वास अडायला लागला तर आपण करू. तोपर्यंत सहा महिन्यांनी दाखवायचं. मधे सूज उतरावी म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या थोडे दिवस दिल्या होत्या. मधुमेहात किडनीला त्या बाधतात, म्हणून त्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत. आणि पित्ताचा त्रास खरोखर असेल तर त्याचा इलाज हवाच, कारण त्यानं सुजलेल्या अस्तराला हाड जास्त टोचतं. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं अगदीच चूक नव्हतं, अपुरं होतं.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट शिकवून ठेवा. घास अडकला आणि माणूस खोकतोय, बोलतोय, तर त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका. आवाजच निघत नसेल, खोकता येत नसेल, तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा. सुटलं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके, आणि एकानं 108 ला फोन. आमच्या नातवानं उशीवर सराव केला, मग माझ्यावर करायचा म्हणत होता.

राहता राहिलं भडंग. सांगलीत राहून भडंग खायचं नाही हे मला पटेना, म्हणून थेरपिस्ट बाईंना स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, चिरमुरे दह्यात पूर्ण विरघळेपर्यंत भिजवा, दाणे, लसूण, कढीलिंब काढून टाका, मग खा." तसं करून बघितलं, विनासायास गेलं. वहीत नोंद केली. मंडळींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "अहो, याला दहीभात म्हणतात."